मारुती घाटातच का बंद पडते?

साताऱ्याच्या एका वाचकाचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे, थोडक्यात सांगतो. वडिलांनी घेतलेली १९९७ ची कार्बोरेटरवाली मारुती ८००. डिलकोत (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) जुन्या पद्धतीचे पॉईंट-कंडेन्सर नाहीत, आत पिकअप (ठिणगीची वेळ ओळखणारा सेन्सर) आणि इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा), म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन. महिन्यातून एक-दोनदा आईला पुण्याला डॉक्टरांकडे न्यावं लागतं. सकाळी जाताना गाडी मस्त पळते, संध्याकाळी परत येताना खंबाटकी घाट चढायला लागली की झटके खाते आणि बंद. वीस-पंचवीस मिनिटं थांबलं की सेल्फ जड फिरतो पण सुरू होते, कधीकधी घाट उतरून सुरूरच्या पुढे परत एकदा तेच. घरी दोन-तीन दिवस उभी राहिली तर सेल्फच लागत नाही, त्यामुळे पुण्याला जायच्या आदल्या दिवशी ते बॅटरी काढून चार्जिंगला लावून आणतात. आत्तापर्यंत बॅटरी नवी, कॉइल (प्लगसाठी हाय व्होल्टेज बनवणारी) नवी, प्लग नवे, प्लगच्या वायरी नव्या. आता मेकॅनिक म्हणतो अख्खा डिलको बदला, इलेक्ट्रिशियन म्हणतो अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा) रिवाइंड करा, धाकटा भाऊ म्हणतो भंगारात घाला. पत्रातलं शेवटचं वाक्य असं: "चार्जिंगचा लाल दिवा कधीच लागत नाही म्हणजे चार्जिंग ओके आहे, घाटात इंजिन तापून इग्निशन दगा देतंय असं मला वाटतं, तर डिलको बदलू का?"

नमस्कार,

डिलको आत्ता बदलू नका. कदाचित शेवटी तोच निघेल, मी नाही म्हणत नाही, पण तुमच्या पत्रातल्या दोन-तीन गोष्टी वाचून मला आधी भलतीकडेच बघावंसं वाटतंय.

पहिली गोष्ट तो लाल दिवा. "कधीच लागत नाही" असं लिहिलंय तुम्ही. कधीच म्हणजे अगदी कधीच का? चावी ऑन केली, इंजिन अजून बंद आहे, तेव्हा ऑइलच्या दिव्याबरोबर बॅटरीचा दिवाही लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे. चावी ऑन करूनही तो लागत नसेल तर चार्जिंग ओके आहे असा त्याचा अर्थ होत नाही, दिव्याचा बल्बच गेलाय किंवा त्याची वायर तुटलीय असा होतो. आणि यात अजून एक गंमत आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते, जुन्या बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट त्या छोट्याशा बल्बमधूनच जातो, त्यांच्या आतल्या फिरत्या रोटरमध्ये चुंबक तयार व्हायला. बल्ब उडाला की अल्टरनेटर धड जागाच होत नाही, किंवा जोरात रेस केल्यावर होतो आणि मेकॅनिकने तेव्हाच मीटर लावला तर त्याला सगळं ठीक दिसतं. एवढासा बल्ब, पण त्याच्यापायी चांगला अल्टरनेटर रिवाइंडला गेलेला असू शकतो. म्हणून आज घरी गेल्यावर पहिलं काम हे, चावी ऑन करा आणि दिवा बघा, पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट घाट. तुमचा सगळा संशय घाटावर आहे, पण मला विचाराल तर घाट आणि संध्याकाळ या दोन गोष्टी एकत्र आल्यात आणि तुम्ही त्यातली एकच धरलीय. जाताना आपण बोगद्यातून जातो, येताना घाट चढतो, बरोबर. पण येताना अंधारही पडलेला असतो ना. जरा हिशोब करू. दोन हेडलाईट ५५ वॅटचे धरले तर ११० वॅट, १२ ने भागा, नऊ अँपिअरच्या वर गेले. त्यात मागचे दिवे, आतला ब्लोअर, इग्निशनचे स्वतःचे तीन-चार अँपिअर, आणि घाट चढताना रेडिएटरचा फॅन सुरू होतो, तोही इलेक्ट्रिकच आहे, तो वेगळा. सकाळी यातलं निम्मंसुद्धा चालू नसतं. आता धरून चाला की अल्टरनेटर काहीच देत नाहीये किंवा अगदी कमी देतोय. बॅटरी आदल्या दिवशी बाहेरून फुल चार्ज करून आणलेली, ३५ अँपिअर-अवरची. सकाळी ती एकटीच गाडी पुण्यापर्यंत ओढते, दिवसभरात दोन-चार सेल्फ होतात, संध्याकाळी उरलेल्या चार्जवर लाईट लावून तुम्ही निघता आणि दीड-दोन तासांनी खंबाटकीच्या पायथ्याशी येता. वरच्या टाकीत मोटर पाणी चढवतच नसेल तर नळ सकाळी व्यवस्थित येतो आणि संध्याकाळी कोरडा पडतो, तसं. तुम्ही बॅटरी चार्जिंगला लावून आणता ना, त्यानेच हा फॉल्ट इतके दिवस झाकून ठेवलाय असं मला वाटतं.

आणि मग थांबल्यावर सुरू का होते? तुम्ही म्हणता इंजिन थंड होतं म्हणून. होऊ शकतं. पण थांबल्यावर तुम्ही लाईट बंद करता, फॅन थांबतो, आणि रिकामी होत आलेली बॅटरी वीस मिनिटं आराम मिळाला की थोडी सावरते, एखादा जड सेल्फ देते. त्यानंतर सुरूरच्या पुढे परत बंद पडणं हे तर या गोष्टीशी जास्तच जुळतं, कारण तिथे चढ नाही, इंजिन तापायचं काही कारण नाही. तुम्ही हेही लिहिलंय की लाईट पिवळे पडतात पण जुन्या गाडीचे असेच असतात. नाही हो, असे नसतात. जुन्या गाडीचा हेडलाईट आजच्या एलईडीसमोर मिणमिणता वाटेल हे मान्य, पण प्रवासाच्या सुरुवातीला पांढरा आणि दोन तासांनी पिवळा हा वयाचा परिणाम नाही, व्होल्टेज खाली जातंय.

तरीही हा माझा अंदाजच आहे, आणि अंदाजावर पार्ट बदलायचे तर तुमच्या मेकॅनिकने काय वेगळं केलं. म्हणून मोजा. एक साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, इलेक्ट्रिकलच्या कुठल्याही दुकानात स्वस्तात मिळतो, डीसी व्होल्ट २० वर ठेवा, लाल वायर बॅटरीच्या प्लसला, काळी मायनसला. गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी बघा, १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच समजा. मग गाडी सुरू करून किंचित रेस देऊन धरा, काटा, म्हणजे आकडा, १३.८ ते १४.५ च्या मध्ये यायला हवा. आता हेडलाईट लावा, ब्लोअर लावा, परत बघा. १३.५ च्या आसपास टिकला तर अल्टरनेटर कामाचा आहे आणि मी वर जे एवढं लिहिलं त्यातलं निम्मं चुकलं. १२.४, १२.२ असा हळूहळू उतरत गेला तर चार्जिंग नाहीये, गोष्ट संपली, डिलकोला हात लावायचा नाही.

ही टेस्ट करताना एक गोष्ट चुकूनही कोणाला करू देऊ नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढायचा, गाडी चालू राहिली तर "डायनामो ओके". अल्टरनेटरच्या आधीच्या डायनामोच्या काळात हे खपून जायचं. अल्टरनेटरवर बॅटरी अचानक काढली की व्होल्टेज क्षणात खूप वर उसळतं आणि त्यात अल्टरनेटरचे डायोड जातात, रेग्युलेटर जातो, आणि तुमचा इलेक्ट्रॉनिक इग्नायटर तर आधी जातो. एक फॉल्ट शोधायला जाऊन दोन नवे घरी आणायचे. हायवेवरच्या किती गॅरेजात हे अजून चालतं, बघून जीव वर येतो.

चार्जिंग नाही असं निघालं तरी लगेच रिवाइंडला जाऊ नका, रिवाइंड हे सगळ्यात शेवटचं. आधी बेल्ट, ढिला असेल तर लाईट लावल्या लावल्या चुईं करतो किंवा काही आवाज न करताच घसरतो, गुळगुळीत चकचकीत झालेला बेल्ट ताणूनही उपयोग नसतो, बदलायचाच. मग मगाचा तो बल्ब. मग अल्टरनेटरच्या मागचा छोटा कनेक्टर, इंजिनच्या तेलात आणि धुळीत राहून त्याच्या पिना हिरव्या होतात. मग कार्बन, म्हणजे अल्टरनेटरच्या आतले ब्रश, ते झिजले की गाडीने धक्का खाल्ला की चार्जिंग येतं-जातं, आणि कार्बन बदलणं हे रिवाइंडच्या मानाने काहीच खर्चाचं काम नाही. अल्टरनेटर काढलाच तर इलेक्ट्रिशियनला सांगा बेंचवर फिरवून दाखव, लोड लावून, आणि मग काय गेलंय ते बोल. आतल्या एका डायोडसाठी अख्खं वाइंडिंग करून घेतलेली माणसं आहेत.

आता अर्थिंग. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण वीस-पंचवीस वर्षं झालेल्या गाडीत माझा पहिला संशय नेहमी इथे असतो, आणि हाच एक फॉल्ट असा आहे जो इग्निशन आणि चार्जिंग दोन्हीकडे एकदम दिसतो आणि माणसाला वाटतं दोन वेगळे रोग आहेत. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला एक वायर जाते, इंजिन-गिअरबॉक्सला एक पट्टी जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे ती पट्टी गंजली तर इंजिनाला परतीचा रस्ताच उरत नाही, मग करंट मिळेल त्या वाटेने जातो, क्लच केबलमधून, अ‍ॅक्सिलरेटर केबलमधून. क्लच केबल विनाकारण गरम लागत असेल किंवा सारखी तुटत असेल तर तो क्लचचा दोष नसून अर्थिंगचा असू शकतो. डोळ्याने बघून हे कळत नाही, पट्टी वरून छान दिसते आणि बोल्टच्या खाली रंग किंवा गंज असतो. मोजायचं असं: इंजिन चालू, लाईट-ब्लोअर चालू, मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसच्या खांबावर, क्लिपवर नाही, शिश्याच्या खांबावर, आणि दुसरी अल्टरनेटरच्या अंगावर. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल, अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी काढा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने घासून चमकवा, घट्ट बसवा. तसंच प्लसच्या बाजूने, अल्टरनेटरच्या मागच्या मोठ्या बोल्टपासून बॅटरीच्या प्लसच्या खांबापर्यंत, तिथे ०.५ च्या वर नको. स्वस्तातली नवी पट्टी टाकून हेडलाईट एकदम पांढरे झालेले तुम्हाला कुठलाही जुना इलेक्ट्रिशियन सांगेल.

उलटी शक्यताही सांगून ठेवतो. मीटर १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय, ज्याला आपल्याकडे अजून कटाउट म्हणतात. अशा गाडीत बॅटरीचं पाणी सारखं कमी होतं, बल्ब उडत राहतात, आणि इग्नायटर, कॉइल तापून एकेक करून मरतात. नवी कॉइल टाकली की चार महिने बरी चालते आणि परत तेच. तुमच्याकडे कॉइल एकदाच बदललीय म्हणून हे असेलच असं नाही, पण दुसऱ्या कोणाची कॉइल वर्षात दोनदा गेली असेल तर कॉइलच्या कंपनीला शिव्या घालण्याआधी चार्जिंग व्होल्टेज बघा.

समजा हे सगळं बरोबर निघालं. व्होल्टेज छान, अर्थिंग छान, आणि तरी गाडी तापल्यावर बंद पडते. मग मात्र तुमचा संशय खरा आणि इग्निशनकडे वळायचं, पण तिथेही आधी हे ठरवा की करंट, म्हणजे प्लगची ठिणगी, तुटतेय की पेट्रोल. कार्बोरेटरची गाडी तापून पेट्रोलनेही बंद पडते, पाईपात वाफ धरते, पंप कमी पडतो, लक्षणं जवळपास सारखीच. बंद पडली त्या मिनिटाला बघायचं, थंड झाल्यावर बघून काहीच कळत नाही. गाडीत एक जास्तीचा प्लग ठेवा, एका सिलेंडरची वायर काढून त्या प्लगला लावा, प्लगचं लोखंड इंजिनाला पक्कं टेकवून ठेवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळा टणक करंट आला तर पेट्रोल बघा. वायर हवेत लांब धरून करंट किती उडी मारतो ते बघायची हौस करू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा झटका पॉईंटच्या गाडीपेक्षा जबर असतो आणि करंटला जायला जागा नसली की कॉइल आणि इग्नायटर आतून फुटतात. आणि हे घाटात रस्त्यावर उभं राहून करायचं नाही, गाडी पूर्ण बाजूला, चारही इंडिकेटर चालू, आई गाडीतून उतरून कठड्याच्या आत, मागून ट्रक येतात तिथे.

करंट नसेल तर कॉइलच्या प्लसला, चावी ऑन असताना, किती व्होल्ट येतात बघा आणि बॅटरीशी ताडून बघा. बॅटरीला १२.४ आणि इथे १०.५ असेल तर चावीचा स्विच खाल्लाय, आतले कॉन्टॅक्ट काळे होतात आणि तापल्यावर आणखी बिघडतात, आणि हे बदलायचं सोडून लोक डिलको बदलतात. काही गाड्यांत कॉइलच्या आधी मुद्दाम रेझिस्टर असतो, तिथे व्होल्टेज कमीच दिसणार, तो फॉल्ट समजू नका, वायर कुठून येते ते एकदा बघून घ्या. प्लसला व्होल्टेज बरोबर आहे म्हटल्यावर एक टेस्ट लॅम्प घ्या, एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कॉइलच्या मायनसला, आणि सेल्फ मारा. दिवा मिचमिचला तर पिकअप आणि इग्नायटर आपलं काम करतायत, फॉल्ट पुढे, कॉइलमध्ये किंवा डिलकोच्या टोपीत किंवा टोपीखालच्या रोटरमध्ये. टोपीच्या आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ दिसली की करंट तिथून पळतोय, पावसाळ्यात तर हमखास. दिवा मिचमिचलाच नाही, नुसता लागून राहिला किंवा लागलाच नाही, तर आता डिलकोच्या आत जायला हरकत नाही.

आत गेलात तरी अख्खा डिलको लागेलच असं नाही. पिकअप कॉइलची वायर डिलकोच्या आत व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सबरोबर (इंजिनाच्या ओढीने ठिणगीची वेळ पुढे-मागे करणारा भाग) सारखी हलते आणि रबराच्या आत तुटते, बाहेरून अख्खी दिसते. पिकअपचं ओहममध्ये रिडिंग थंड असताना घ्या आणि मग वायर हलवत, तापवून, घरातल्या हेअर ड्रायरने चालेल, परत घ्या. थंडला शे-दोनशे जे काय असेल ते आणि गरमला एकदम ओपन, तर सापडला. पिकअप आणि फिरणाऱ्या दात्यांमधली फटही बघा, साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर, पितळी गेज लागतो, लोखंडी चिकटतो. आणि इग्नायटर बदललाच तर तो ज्या धातूवर बसतो तिथे खाली पांढरी पेस्ट लावतात, उष्णता वाहून न्यायला. जुनी पुसून नवी लावल्याशिवाय बसवला तर नवा इग्नायटर तापून जातो आणि दोष डुप्लिकेट मालाला मिळतो. डुप्लिकेट माल असतोच बाजारात, पण सगळंच त्याच्यावर ढकलू नये.

राहिलं ते दोन-तीन दिवसांत बॅटरी उतरणं. चार्जिंगच होत नसेल तर हे त्यातच आलं, पण वेगळं तपासलेलं बरं. चावी बंद, दारं बंद, बॅटरीची मायनस वायर काढून मीटर १० अँपिअरवर ठेवून मध्ये लावा, खांबाला एक आणि वायरला एक. या स्थितीत सेल्फ मारायचा नाही, मीटर उडेल. तुमच्या गाडीत ईसीयू-बिसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) काही नाही, फार तर टेपची मेमरी आणि घड्याळ, त्यामुळे काही मिलिअँपिअर दिसायला हवेत, ५० च्या वर गेलं की काहीतरी खातंय. ०.४ अँपिअर जरी खात असलं तरी तीन दिवसांत जवळपास २९ अँपिअर-अवर जातात, म्हणजे तुमची बहुतेक सगळी बॅटरी. एकेक फ्यूज काढून बघा कुठे आकडा पडतो. फ्यूजने पडला नाही तर अल्टरनेटरची मोठी वायर काढून बघा (आधी बॅटरी सोडवून, ती वायर थेट प्लसला असते), तिथे पडला तर डायोड गळतोय आणि मग दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच निघालं. बाकी जुन्या गाडीत मागून बसवलेल्या गोष्टी आधी बघा, टेप, रिमोट लॉक, सायरन, आणि रिव्हर्स गिअर टाकला की वाजणारं ते गाणं, त्याची वायरिंग कोणी कुठून मारलेली असते देव जाणे.

मेकॅनिक फसवतोय का, असंही तुम्ही मध्येच विचारलंय. मला नाही वाटत. त्याच्याकडे गाडी जाते तेव्हा ती थंड असते, दिवस असतो, बॅटरी तुम्ही नुकतीच भरलेली असते आणि तुम्ही सांगता "घाटात बंद पडते". यावरून कोणी काय शोधणार, तो संशयाने एकेक पार्ट बदलत जातो. त्याला वेगळी माहिती द्या. एका कागदावर लिहा, किती वाजता, लाईट चालू होते का, किती किलोमीटरनंतर, सेल्फ जड होता का, बंद पडायच्या आधी लाईट पिवळे झाले का, मीटर काय दाखवत होता. मीटर गाडीतच ठेवा, सिगरेट लायटरच्या खोबणीत लावायचा छोटा व्होल्टमीटर मिळतो तो तर सगळ्यात सोयीचा, चालवता चालवता आकडा समोर. पुढच्या खेपेला शिरवळच्या आसपास त्यावर ११.८ दिसत असेल तर घाट चढायच्या आधीच तुम्हाला उत्तर मिळालं, तिथेच ब्लोअर बंद करा आणि जवळच्या इलेक्ट्रिशियनकडे थांबा. हो आणि काढलेला प्रत्येक जुना पार्ट परत मागून घ्या. तुमची जुनी कॉइल बहुतेक चांगली आहे, डिकीत असू द्या.

भावाचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग करायचं, त्याची फी आता जुन्या गाड्यांना बरीच वाढलीय, आजारी माणसाला घेऊन रात्रीचा घाट, हे सगळं धरून गाडी विकावी असं तुम्ही दोघांनी ठरवलं तर त्यात काही चूक नाही. फक्त हा निर्णय या फॉल्टवर घेऊ नका. फॉल्ट काढल्यावर घ्या, बंद पडणाऱ्या गाडीला भंगाराचा भाव येतो आणि चालणाऱ्या मारुतीला अजूनही गिऱ्हाईक आहे, खेडेगावात तर नक्कीच. आणि तोपर्यंत आईंना पुण्याला न्यायचं असेल तर दुसऱ्या गाडीने न्या, किंवा उजेडात परत या.

दिव्याचं काय झालं ते कळवा, आणि रिडिंग पाठवाल तेव्हा लाईट चालू असतानाचं आणि बंद असतानाचं वेगवेगळं लिहा, नुसतं "१३ येतंय" असं लिहिलंत तर मला परत विचारावं लागेल.